आम्ही बाराजणी बोटीत बसलो

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच ठेवलं आहे.)



मला भाषण येत नाही असं म्हणणार होते. पण मागच्या मासिक सभेत मी अर्धा तास तावातावानं भांडले, तेव्हा इथं ते कुणी खरं मानणार नाही. भांडण कशावरून झालं ते बऱ्याचजणींना माहीत आहे. एक ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या गटाच्या बायका गटाच्या पैशावर बोटीत बसून आल्या म्हणे. मग आमच्या ग्रामसंघाला कर्ज कमी का?" अध्यक्षताई म्हणाल्या, वार्षिक सभेत सगळं सांग, सगळ्यांसमोर सांग. म्हणून उभी आहे.

आधी पैशाचं सांगते. त्याशिवाय पुढचं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

गटाच्या बचतीतला एक रुपया आम्ही घेतला नाही. फिरता निधी नाही, ग्रामसंघाचं कर्ज नाही, व्याजाची जमा नाही. गेल्या संक्रांतीनंतर आम्ही तेराजणींनी एक वेगळी वही घातली. आठवड्याच्या बैठकीत बचत झाली, कर्जाचे हप्ते झाले की शेवटी वीस रुपये त्या वहीत. ज्या आठवड्याला जिच्याकडं नसतील तिनं पुढच्या आठवड्याला द्यायचे. पन्नास आठवड्यांत प्रत्येकीचे १,००० झाले. तेराजणींचे १३,०००. त्यातली एक आली नाही, तिचे १,००० बाजूला ठेवले. राहिले १२,०००. गाडीला ५,५००, दोन बोटींना ३,६००, जेवणाला ड्रायव्हर धरून तेरा ताटांचे १,९५०, आणि सकाळचा नाश्ता, दोनदा चहा, गाडी लावायचे पैसे असे मिळून ७९०. एकूण ११,८४०. उरले १६०. पावत्या वहीला टाचणीनं लावल्यात.

झालं पैशाचं. आता गोष्ट.

आपण सहा वर्षांत पाच अभ्यासदौरे केले. शेळीपालन बघितलं, मसाला कांडप बघितलं, गांडूळखत बघितलं. मी त्याला नावं ठेवत नाही, शेळ्या त्यातूनच झाल्या. पण दर दौऱ्याला हातात वही, गळ्यात बिल्ला, बॅनरपुढं फोटो, आणि घरी आल्यावर थकून बसावं तर अहवाल लिहायचा. एका बैठकीत आमच्या आक्का म्हणाल्या, "आगं, नुसतं बघायला जायाचं, काय शिकायचं न्हाई, असं काय असतंय का तुमच्यात?" आक्का आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या. बहात्तर-त्र्याहत्तर वय, सही करायला गटात आल्यावर शिकल्या. आम्ही हसलो. मग एकीनं विचारलं, आक्का, कुठं जायचंय तुम्हाला? म्हणाल्या, "कोयनेच्या पाण्यावर. बोटीतनं."

आक्का कोयनेकडच्या एवढंच आम्हाला माहीत होतं. लग्न होऊन आमच्या कोरेगाव भागात आल्या त्याला पन्नास वर्षांवर झाली.

ठरलं. आणि मग खरा प्रश्न आला, घरी काय सांगायचं?

दोघी-तिघींनी लगेच सांगून टाकलं, "ट्रेनिंग आहे म्हणायचं." ते सोपं आहे हो. ट्रेनिंग म्हटलं की कुणी अडवत नाही, उलट सासू म्हणते जा, काहीतरी योजना आली असेल. मजा करायला जातोय म्हटलं की घरात सगळ्यांना कामं आठवतात. पण मी सचिव. हालचाल वहीत, ठराव माझ्या हातचा. मी म्हटलं, खोटं नको. आपण फिरायला जातोय, बोटीत बसणार आहोत, असंच सांगायचं. बैठकीत त्यावर दोन आठवडे चर्चा झाली आणि शेवटी तसंच ठरलं.

त्याचा परिणाम असा झाला की बाराजणींना परवानगी मिळाली आणि एकीला नाही. परवानगी हा शब्दही मला आवडत नाही, पण जे आहे ते आहे. तिचे मालक म्हणाले, "कामाचं असतं तर सोडलं असतं." ट्रेनिंग म्हणून सांगितलं असतं तर ती आली असती. पैसे तिनेही पन्नास आठवडे भरले होते. एकदा तर अंडी विकून आणले होते. मागच्या सभेत माझ्यावर पैशाचा आरोप झाला त्यानं मी चिडले, पण झोप गेली ती ह्या गोष्टीनं. आम्ही बरोबर केलं का, मला अजून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी वेगळं केलं असतं तर मला सभेनंतर सांगा, मी ऐकेन.

डब्यावरूनही वाद झाला. भाकरी घरून न्यायची म्हणजे पहाटे तीनला उठायचं, घरच्यांचा स्वयंपाक करायचा, वर आपल्या डब्याचा. मग बोटीत बसल्यावर डोळे मिटणार. आमची कोषाध्यक्ष म्हणाली, दीडशे रुपयांत ताट मिळतं, त्या दिवशी चूल नको. एकजण म्हणाली, दीडशे रुपयांत घरी आठवड्याची भाजी होते. खरं आहे तिचं. पण मतं घेतली आणि ताट जिंकलं.

संक्रांतीनंतरच्या एका मंगळवारी निघालो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते म्हणून मधला वार. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासवरून गेलो. कासला फुलं नव्हती, जानेवारीत कुठली असायला. वाळलेलं गवत आणि काळा कातळ. दोघींना फार वाईट वाटलं, त्यांनी फोनमध्ये बघून ठेवलं होतं. फुलं बघायची तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत जावं लागतं. पण तेव्हा आपल्या सोयाबीनची काढणी तोंडावर असते, म्हणजे आपल्याला ती फुलं फोनमध्येच.

कास सोडलं की रस्ता खाली उतरतो आणि मग डोंगरांच्या मधे पाणी दिसायला लागतं. गाडीतली बडबड बंद झाली. एवढं पाणी मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आमच्याकडं पाणी म्हणजे पाट, विहीर आणि टँकर.

बामणोलीच्या काठावर बोटी लागलेल्या असतात. दर बोटीमागे असतो, माणसामागे नाही, हे लक्षात ठेवा. कारण इथंच घोळ झाला. एकजण म्हणाला, "बाराच आहात ना, बसा एकीतच. जाकिटं आठ आहेत, बाकीच्या मधे बसा, काही होत नाही." पैसे निम्मे वाचत होते. आमच्यातल्याच काहीजणी बसायला लागल्या. मी नको म्हटलं. आमच्यात पोहायला येतं ते एकटीला, तेही विहिरीत.

तुम्हाला आठवत असेल, २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याला हरणी तलावात शाळेची सहल घेऊन गेलेली बोट उलटली. मुलं आणि शिक्षिका मिळून चौदा जीव गेले. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं भरली होती. तलाव होता हो तो, समुद्र नव्हता. मी तेवढंच सांगितलं. मग सहा-सहाच्या दोन बोटी केल्या. प्रत्येकीला जाकीट, जाकिटाचे बंद पुढून नीट बांधलेले, आणि मी एकेकीचा बंद ओढून बघितला. त्या ३,६०० वर मागच्या सभेत कुणीतरी बोट ठेवलं होतं की एका बोटीत भागलं असतं. नसतं भागलं.

आक्का मात्र जाकीट घालेनात. "मी ह्या पाण्याकाठची लेक, मला कशाला ते भगवं गाठोडं?" शेवटी त्यांच्या नऊवारीवर ते बांधलं, तर स्वतःकडं बघून त्यांनाच हसू आवरेना.

बोट म्हणजे काय, वर कापडाचं छत, दोन्ही बाजूला फळ्या, मागं इंजिन. सुरू झालं की पहिली दहा मिनिटं सगळ्या फळीला धरून बसलेल्या. मग एकीनं हात सोडला, मग दुसरीनं. आणि मग मला एक मजेशीर गोष्ट दिसली. आम्हाला रिकामं बसता येईना. एकीनं पिशवीतून कापूस काढला आणि वाती वळायला लागली. दुसरीनं म्हशीच्या पेंडीसाठी घरी फोन लावला. तिसरी म्हणजे आमची समुदाय संसाधन व्यक्ती, तिनं तर हिशेबच मांडला की बोट केवढ्याला पडते, डिझेल किती लागतं, गटानं घेतली तर हप्ता किती. तिचं चुकीचं नव्हतं. तिकडं सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना खाडीतलं कांदळवन दाखवतात, चांगलं काम आहे ते. पण कोषाध्यक्ष तिला म्हणाली, "बाई, आजच्या दिवस गप." थोड्या वेळानं फोनची रेंज गेली, त्यामुळं म्हशीचाही प्रश्न मिटला. वाती मात्र शेवटपर्यंत चालू होत्या. ती म्हणाली, हातात काही नसलं की मला भीती वाटते. मी पुढं काही बोलले नाही.

पाणी कसलं ते सांगते, कारण मला तिथंच कळलं. कोयना महाबळेश्वरला उगवते, दक्षिणेला वाहत हेळवाकपर्यंत येते, तिथून पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. धरण पाटण तालुक्यात कोयनानगरला, भिंत १०३ मीटर उंच. एवढ्या लांब बांधलेल्या भिंतीचं पाणी पार बामणोली-तापोळ्यापर्यंत मागं पसरलंय. त्यालाच शिवसागर म्हणतात. १०५ टीएमसी साठा. ह्यातलं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पलीकडं कोकणात पोफळीकडं सोडतात आणि त्यावर वीज होते. म्हणजे ह्या मंडपात जो पंखा फिरतोय, त्यात थोडं हे पाणी असणार.

आणि ह्या पाण्याखाली गावं आहेत. काही गावं वर डोंगराला सरकली, बामणोली, तापोळा आज दिसतात ती अशी वर आलेली. बाकीची माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. आक्कांचं माहेर वर सरकलेल्यातलं. त्यांचे चुलते कोकणात गेले, ते मग लग्नकार्यातच भेटायचे.

संगमाकडं गेलो. कोयना, सोळशी, कांदाटी अशा तीन नद्यांचं पाणी तिथं एकत्र आहे, पण धरणामुळं नदी अशी वेगळी दिसत नाही, तिन्हीकडं नुसतं पाणीच. आक्का मघापासून उभ्या राहायला बघत होत्या. एका जागी म्हणाल्या, "थांबवा, हितंच. हितं खाली आमची वाडी." बोटवाल्या पोरानं इंजिन बंद केलं. आम्ही सगळ्या गप्प. एकीनं तर हात जोडले. आक्का बराच वेळ वाकून बघत होत्या. पाणी हिरवंकाळं, खाली काही दिसत नाही. पाच-दहा मिनिटांनी पुढं गेलो तर दुसऱ्या एका ठिकाणी आक्का पुन्हा म्हणाल्या, "न्हाई गं, ही जागा. ती पलीकडची टेकडी बघा." पोरगं हसलं. म्हणालं, "आजी, तुमची जुनी वाडी त्या तिकडच्या वळणाला, आपण अजून पोचलोच नाही." आक्काही हसल्या. म्हणाल्या, "सगळीकडं सारखंच दिसतंय मेलं."

मग बोलायला लागल्या. आम्हाला वाटायचं धरण भरलं म्हणजे एका रात्रीत पाणी आलं. तसं नसतं. आक्का आठ-नऊ वर्षांच्या होत्या. पावसाळ्यात पाणी चढायचं, उन्हाळ्यात उतरायचं. उतरलं की पोरं चिखलातून जुन्या घराच्या जोत्यावर जाऊन बसायची. आक्कांची आई तिथं उभी राहून दाखवायची, इथं चूल, इथं जातं, इथं तू जन्मलीस. आक्का म्हणाल्या, "आई दर उन्हाळ्याला जायची. गाळात पेराय जाते म्हणायची. पेरून झालं तरी बसून राहायची." पुढं डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला, अकरा तारखेला. वरच्या नव्या घराची भिंत पडली. थंडीत सगळी माणसं उघड्यावर झोपली. त्यानंतर तिसऱ्या वर्षी आक्कांचं लग्न, वऱ्हाड लाँचमधून आलं. आई काठावर उभी होती आणि लाँच वळेपर्यंत दिसत होती. "तवापासनं मी ह्या पाण्यावर आले न्हाई," म्हणाल्या. माहेरी जायच्या तर रस्त्यानं जायच्या, तेही आई होती तोवर.

गटात आक्का अकरा वर्षं आहेत. मी अकरा वर्षं त्यांच्या बचतीची नोंद करते. हे मला माहीत नव्हतं.

येताना समोरून लाँच आली. भरलेली. बायका, पाट्या, पोती, एक शेळी, शाळेची पोरं. पलीकडच्या वाड्यांना दवाखाना, बाजार, शाळा, सगळ्याला हेच. आपल्याला एसटी तसं त्यांना लाँच. चुकली की मग वाट बघायची. त्यातल्या एका बाईनं आमच्याकडं बघून ओरडून विचारलं, "कुठनं आलाय?" आम्ही सांगितलं. "कशाला?" आमच्यातली एक म्हणाली, "उगीच!" ती बाई एवढी हसली की शेजारणीच्या अंगावर पडली. आणि हात हलवत राहिली. मला जरा लाजही वाटली. जिथं आम्ही मजा म्हणून बसलो होतो, तिथं तिचं रोजचं डोक्यावरचं ओझं चाललेलं.

काठावर जेवण सांगून ठेवलं होतं. एका घरातच, सारवलेल्या ओट्यावर पंगत. नाचणीची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा, भात, ताक. गरम भाकरी ताटात पडते आहे आणि आपण उठायचं नाही, हे जमेना. आमच्यातल्या दोघी उठल्याच वाढायला. घरच्या काकूंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं, म्हणाल्या, "पैसे देताय न्हवं? मग जेवा." जिनं आठवड्याच्या भाजीचा हिशेब केला होता तिनं चार भाकऱ्या खाल्ल्या. तिची परवानगी घेऊनच सांगतेय.

जेवल्यावर काठावर सगळ्या लवंडल्या. दुपारची वेळ, झाडाखाली, डोक्यावरून पदर ओढून बाराजणी झोपल्या. मला वाटतं तासभर. मी शेवटची दुपारी कधी झोपले होते तर बाळंतपणात. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आक्का एकट्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. जाकीट अजून अंगावर. काढायचं विसरल्या की काढलं नाही, माहीत नाही.

रात्री साडेआठला गावात पोचलो. जी आली नव्हती ती स्टँडवर होती. सकाळी आम्हाला शेंगदाण्याचे लाडू द्यायला आली होती, तशीच आता. मी तिच्याकडं बघायला कचरत होते. तिला वाटेत काय काय सांगावं ते मी गाडीत जुळवलं होतं, वाईट वाटू नये असं. ती म्हणाली, "बारीकसारीक पण सांग, मला मालकांना सांगायचंय. ते घरी विचारत बसलेत, बोट कशी असते म्हणून." मग मी तिच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं. मालक आतून ऐकत होते. लाँचवरची शेळी सांगितली तेव्हा ते हसल्याचा आवाज आला. पण बाहेर आले नाहीत.

तिचे १,००० तिला परत देऊ केले. तिनं घेतले नाहीत. नव्या वहीत तिचं नाव पहिलं आहे, ह्या आठवड्याचे वीस रुपयेही आलेत. ह्या वेळेस मालक काय म्हणतात ते अजून ठरलेलं नाही.

वही मी आणली आहे, इथं टेबलावर ठेवते. पावत्या मोजून घ्या, बघून झाल्या की टाचणी परत लावा. बोटीचं, गाडीचं कुणाला विचारायचं असेल तर मी चहाच्या वेळेला मागच्या दाराशी आहे. आक्कांनाही आणलंय, त्या तिसऱ्या ओळीत बसल्यात. त्यांना माईकवर बोलायला सांगू नका, त्यांनी मला आधीच बजावलंय. नमस्कार.